विश्लेषण : पैगंबरांवरील प्रेमाच्या रीतीवरून वाद का?

२४ नोव्हेंबर २०१७. इजिप्तच्या उत्तर सिनाईतील अल्-रौदा गावात शुक्रवारच्या नमाजसाठी लोक मशिदीत जमले होते. बंदूकधाऱ्यांनी त्यातील ३०० हून अधिक जणांना ठार केले. ही मशीद सूफींची म्हणून ओळखली जाई. मौलिद, म्हणजे पैगंबर मोहम्मद यांची जयंती, आठवड्यावर आली होती. हल्लेखोरांकडे ‘आयसिस’चा झेंडा होता, असे सरकारी वकिलांनी नंतर सांगितले.

पैगंबरांना मानणारे तर दोघेही. मग वाद कशाचा?

सूफींमध्ये गुरू-शिष्यांची साखळी असते, तिला सिलसिला म्हणतात. कादिरी, शाझिली, नक्शबंदी अशा प्रत्येक पंथाची साखळी मागे जात थेट पैगंबरांपाशी पोहोचते. बहुतेकांची अलींमार्फत, नक्शबंदींची अबू बक्र यांच्यामार्फत. त्यामुळे सूफींना पैगंबर हे होऊन गेलेले वाटत नाहीत. ते जवळचे वाटतात. तेराव्या शतकातील इजिप्शियन कवी अल्-बुसिरी यांची आख्यायिका पाहा. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी पैगंबरांचे स्तुतिकाव्य रचले. स्वप्नात पैगंबरांनी अंगावर आपली शाल टाकली आणि सकाळी कवी चालू लागले! त्या शालीवरून काव्याला ‘बुर्दा’ हे नाव पडले. आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत ते आजही म्हटले जाते. कैरोत मौलिदला साखरेच्या बाहुल्या आणि घोडेस्वार विकायला येतात, तोही याच जिव्हाळ्याचा भाग.

सलफी विचारवंतांचा आक्षेप असा की, पैगंबरांच्या हयातीत अशी जयंती नव्हती, म्हणून ती ‘बिदअत’, म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट. आणि पैगंबरांकडे वा संतांकडे मदत मागणे हा तर ‘शिर्क’, अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणे. इतिहासापुरता पहिला मुद्दा खराच आहे. मौलिदच्या जुन्या नोंदी कैरोच्या फातिमी दरबारातल्या, म्हणजे कित्येक शतकांनंतरच्या. पण नवे ते सगळेच वाईट नव्हे, हा चांगला पायंडा आहे, असा निर्वाळा सुयुती यांच्यासारख्या (मृत्यू १५०५) मातब्बर पंडितानेही दिला होता.

हा वाद शतकानुशतके पुस्तकांत आणि प्रवचनांत चालला. बहुतेक सलफी आजही तो तिथेच लढतात. आयसिससारख्या संघटना मात्र ‘शिर्क’चा शिक्का मारून समोरच्याला धर्माबाहेर काढतात, आणि मग त्याला मारण्याची मुभा स्वतःच घेतात. भक्तीची रीत चूक की बरोबर, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

पुढच्या शुक्रवारी अल्-रौदाच्या त्याच मशिदीत पुन्हा नमाज झाली. अल्-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल्-तय्यब त्यासाठी गावात आले होते. ते स्वतः खल्वती सूफी घराण्यातले.