नाव बीएमईचं, चिप बीएमपीची

या सदराला येणाऱ्या मेलमध्ये एक वाक्य वरचेवर असतं : ‘सर्किट जसंच्या तसं जोडलं, प्रोग्रॅमही तोच टाकला, तरी चालत नाही. माझंच काहीतरी चुकतंय.’ लिहिणारे बहुतेक नववीपासून इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंतचे. पुष्कळदा चूक जोडणीतच असते, हे खरं. पण प्रत्येक वेळी नाही. दोन रात्री वायरी उपसून झाल्यावर ‘आपल्याला हे जमणारच नाही’ म्हणत सगळं सामान माळ्यावर टाकण्याआधी एक शंका जरूर घ्या : आपण लावलेला भाग खरंच त्याच्यावर लिहिलेला भाग आहे का?

सध्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे बीएमई 280 हा सेन्सर. बॉश कंपनीची ही बारीकशी चिप तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता अशी तिन्ही मापं देते, म्हणून घरगुती हवामान केंद्र करणाऱ्या प्रत्येकाला ती हवी असते. तिची धाकटी बहीण बीएमपी 280. ती तापमान आणि दाब सांगते, आर्द्रता नाही, साहजिकच स्वस्त. बीएमई मागवली आणि पाकिटातून बीएमपी निघाली, हा अनुभव अनेकांचा आहे. दोघींचा आयटूसी पत्ता एकच, हेक्समध्ये 76 किंवा 77, त्यामुळे स्कॅनर चालवला की सेन्सर ‘सापडला’ असंच दिसतं. काही लायब्ररी तापमान नीट दाखवतात आणि आर्द्रता शून्य. काही सेन्सरच ओळखत नाहीत आणि तिथेच थांबतात. मग आपण वायर बदलतो, बोर्ड बदलतो, लायब्ररी पुन्हा टाकतो, आणि आर्द्रता शून्य ती शून्यच. भर पावसाळ्यात!

बोर्डवर नुसतं वाचून हे कळत नाही, कारण बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर दोन्ही नावं एकत्रच छापलेली असतात. चिपला स्वतःला मात्र विचारता येतं. तिच्या ‘डी-शून्य’ या रजिस्टरमध्ये ओळख क्रमांक असतो : बीएमईचा हेक्स 60, बीएमपीचा हेक्स 58. पाच-सात ओळींचा प्रोग्रॅम लागतो. तेवढंही नको असेल तर भिंग घ्या. बीएमईचं चकचकीत झाकण चौरस असतं, अडीच मिलिमीटर बाय अडीच. बीएमपी एका बाजूने दोनच मिलिमीटर, म्हणजे जरा आयताकृती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात बाहेरून आलेला डेटा तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. माझ्या टेबलावर भागांनाही तोच नियम आहे. पाकीट फोडलं की भाग आधी एकटा तपासायचा, मग ब्रेडबोर्डवर. रेझिस्टरसुद्धा. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे ट्यूबलाइटच्या उजेडात वेगळे ओळखून दाखवा, मी मानेन! मल्टिमीटरला तो प्रश्न पडत नाही.

प्रत्येक वेळी विकणारा लबाड असतो असंही नाही. ट्रान्झिस्टर घ्या. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या पीएन 2222 चा क्रम बरोबर उलटा : एमिटर, बेस, कलेक्टर. आणि पी-टू-एन 2222 नावाने त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचे पाय बीसी 547 सारखे! दुकानातल्या खणावर मात्र नुसतं ‘2222’ लिहिलेलं असतं. उलटा लागलेला ट्रान्झिस्टर एकदम बंद पडत नाही, अर्धवट चालतो, म्हणून तो जास्त छळतो. मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टरचं सॉकेट असेल तर दोन्ही बाजूंनी लावून पाहा : योग्य बाजूने गेन सहसा शंभराच्या पुढे जातो, उलट बाजूने तो पार खाली येतो. आपल्या हैदराबादकरांनी कोठीच्या गुजराती गल्लीत जाताना मीटर पिशवीत टाकावा. काउंटरवरच दोन भाग तपासले, तर सहसा कोणी रागावत नाही.

नकली चिपची सर्वांत गाजलेली गोष्ट 2014 ची. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी चिपच्या हुबेहूब नकला बाजारात होत्या. त्या वर्षी विंडोज अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्याने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. ज्यांनी अस्सल समजून विकत घेतलं, त्यांचे बोर्ड रातोरात मुके झाले. ओरड झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. माझ्या मते शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. म्हणूनच स्वस्त नॅनो बोर्डवरची सीएच 340 मला आवडते. साधी चिप आहे, पण स्वतःच्या नावाने विकली जाते.

इथपर्यंत नुकसान वेळेचं आणि पैशाचं. 18650 या लिथियम सेलच्या बाबतीत प्रश्न आगीचा आहे, आणि घरी पॉवर बँक बनवण्याची हौस तुमच्यापैकी अनेकांना आहे. नावातच माप आहे : 18 मिलिमीटर जाडी, 65 लांबी. एवढ्या जागेत चांगल्या कंपनीचा सेल साधारण 3500 मिलिअँपिअर-तास देतो आणि वजनाला 45 ते 50 ग्रॅम भरतो. बाजारात 9900 लिहिलेले सेल सर्रास मिळतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घ्या (आईला आधी विचारा). सेल तीस-पस्तीस ग्रॅमच भरला, तर बाकी काही तपासायची गरज नाही. वजन बरोबर आलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं आवरण चढवलेला सेलही तेवढाच भरतो. त्यासाठी क्षमता मोजणारा चार्जर लागतो. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या पाकिटांतले सेल एकत्र जोडू नका, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

असा खोटा सेल कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ऑनलाइन घेतला असेल, तर त्याआधी काट्यावर ठेवलेल्या सेलचा फोटो काढून तक्रारीला जोडा. आकड्यासकट पुरावा असला की वाद घालायला फारशी जागा उरत नाही.