प्रेशर उतरले, पण डोळ्याचे काय?

काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘प्रेशर किती आले?’ प्रश्न रास्त आहे. मात्र हा आकडा थेट डोळ्याच्या आतून येत नाही. गोल्डमन टोनोमीटर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा छोटासा भाग सपाट करतो आणि त्यासाठी लागलेल्या जोरावरून दाब ठरवतो. पडदा पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. लॅसिक झालेल्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पडद्याची लवचीकता मोजणारे यंत्र २००५च्या सुमारास आले. हवेच्या झोताने पडदा आत दबतो, मग बाहेर येतो. जाताना आणि येताना तो ज्या दाबांना सपाट होतो, त्यांतला फरक म्हणजे ‘हिस्टेरेसिस’, अर्थात धक्का पचवण्याची क्षमता. निरोगी डोळ्यात ती साधारण १० ते ११ मिमी पारा असते. ती कमी असलेल्या डोळ्यांत काचबिंदू बळावण्याचा धोका अधिक आढळला आहे.

ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्यातील द्रवाला नवी वाट करून देतात. दाब उतरतो, हिस्टेरेसिसही वाढते. पण त्याने हुरळून जाऊ नये. यात मोठा वाटा ताण कमी झाल्याचा असतो. फुग्यातली थोडी हवा सोडली की रबर मऊ लागते, रबर तेच राहते. दृष्टीच्या नसेचे झालेले नुकसानही भरून येत नाही. त्यामुळे आकडा चांगला आला तरी कॉर्नियाची जाडी मोजली आहे का, पुढची फील्ड टेस्ट कधी, हे डॉक्टरांना विचारावे.