घोडे अडले कोठे?

दिवाळीत आमच्या बाळकुमच्या आवारात मुले किल्ला करतात. माती हल्ली पोत्याने विकत आणावी लागते. पण बुरूज, विहीर, अळिवाची हिरवळ हे सारे अजून यथासांग होते. त्या किल्ल्यावरच्या मातीच्या घोडेस्वाराचा मला नेहमी हेवा वाटतो. स्वार आणि घोडा एकाच साच्यातून निघालेले. पडले तर दोघे मिळून पडतात आणि उचलून ठेवले की पुन्हा त्याच ऐटीत उभे! हाडामांसाच्या स्वाराचे एवढे सोपे नसते. हे मला कळले ते आमच्या शेजारच्या मुलीमुळे.

मुलगी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. घोड्याचा नाद तिला लहानपणी माथेरानला लागला. इतर मुलांचा तो नाद घाट उतरेपर्यंत टिकतो, हिचा टिकून राहिला. पगार सुरू होताच तिने मुंबईतल्या एका क्लबात नाव घातले आणि दर रविवारी पहाटे पाचला रिक्षा धरून ही निघू लागली. रविवारच्या मेगाब्लॉकला जिंकून जी मुलगी वेळेवर पोहोचते, तिला घोड्याचे काय भय, असे मी वहिनींना, म्हणजे तिच्या आईला, म्हणत असे.

तिच्या खेळाचे नाव इव्हेंटिंग. घोडा म्हटला की आपल्याला एक तर शर्यत आठवते, नाही तर वरात. म्हणून थोडे सांगायला हवे. यात एकाच जोडीला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ड्रेसाजची : आखलेल्या चौकात घोडा शिस्तीने, डौलाने चालवायचा. दुसरी क्रॉस कंट्री : मोकळ्या रानातून ओंडके, चर, पाणी ओलांडत दौडायचे. तिसरी उड्यांची : रंगीत दांड्यांवरून, दांडी न पाडता. सगळा हिशेब दोषगुणांचा. ज्याचे कमी तो वर. दांडी पडली की 4. क्रॉस कंट्रीत घोडा अडथळ्यापाशी अडला की 20, तेथेच पुन्हा अडला की आणखी 40. आणि स्वार खाली आला की खेळ संपला.

दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका मैदानात हिचा असाच खेळ संपला. तीन फुटी ओंडका. घोडा भरधाव आला आणि शेवटच्या पावलाला थांबला. ही थांबली नाही. खांद्याचे हाड मोडले, सहा आठवडे हात गळ्यात राहिला.

हाड सांधले. डॉक्टरांनी परवानगीही दिली. ही मात्र रविवारी उशिरा उठू लागली. कधी डोके दुखे, कधी बँकेचे काम निघे. एकदा मी सहज विचारले, तर म्हणाली, “काकू, मी खोगिरावर बसते, लगाम धरते, आणि मला फक्त तो ओंडका दिसतो. मैदानात ओंडका नसला तरी.”

सल्ल्यांना आपल्याकडे तोटा नाही. वहिनींचे म्हणणे, झाली हौस तेवढी पुरे. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, पडल्यावर त्याच क्षणी पुन्हा बसायला हवे होते, म्हणजे भीती शिरलीच नसती. हा दुसरा सल्ला जगभर चालतो आणि त्याला पुरावेही भारी आहेत. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये बिल रॉयक्रॉफ्ट हा पंचेचाळीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन स्वार क्रॉस कंट्रीत पडला, पुन्हा चढला, पार गेला आणि इस्पितळात पोहोचला. दुसऱ्या दिवशी तेथून उठून आला, जखमी खांद्याने उड्यांची फेरी निर्दोष पार पाडली आणि त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. 1964 साली टोकियोत अमेरिकेची लॅना ड्युपॉन्ट ही ऑलिंपिकच्या या खेळात उतरणारी पहिली स्त्री. ती दोनदा पडली, दोनदा चढली, संघाला रौप्यपदक मिळाले.

या गोष्टी ऐकताना छाती फुगते, हे खरे. पण लॅना ड्युपॉन्टच्या घोड्याच्या जबड्याची हाडे पहिल्याच पडण्यात मोडली होती, हे आपण सांगताना वगळतो. त्याला कोणी विचारले नव्हते. आज या खेळाचा नियमच असा आहे, की पडलेल्या स्वाराने पुन्हा चढून फेरी पुरी करावयाची नाही. डोक्याला मार बसलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटत असते. म्हणजे ज्या खेळातून तो सल्ला आला त्या खेळाने तो टाकून दिला. आपण मात्र परीक्षेत नापास झालेल्या पोरांपासून धंद्यात बुडालेल्या मेव्हण्यापर्यंत सर्वांना अजून तोच देत असतो.

त्यांच्या क्लबात घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदार शिकवतात. त्यांनी हिला धीर बिलकूल दिला नाही. पहिले तीन रविवार घोड्यावर बसूच दिले नाही. मोतद्दाराबरोबर खरारा करायचा, खूर साफ करायचे, दाणा द्यायचा, एवढेच काम. चौथ्या रविवारी बसवले ते लांब दोरी लावून. दोरी रिसालदारांच्या हातात, घोडा त्यांच्याभोवती गोल फिरणार, हिच्या हातात लगाम नाही. मग लगाम आला. पण चाल पावलाचीच, पुढे दुडकी. मग जमिनीवर एक दांडी टाकली. उडी नव्हेच, नुसती ओलांडायची. त्या जमिनीवरच्या दांडीपाशी, तीन फूट उडालेली ही मुलगी रडली.

मी मराठी शिकवते, त्यामुळे मला अशा वेळी शब्द आठवतात. आपल्या भाषेत घोड्यावरचे बसणे म्हणजे ‘मांड’. धैर्य हृदयात असते असे कवी म्हणतात. स्वाराचे मांडीत असते. अडणाऱ्या जनावराला आपण ‘अडेलतट्टू’ म्हणून मोकळे होतो आणि तीच शिवी हट्टी माणसालाही देतो. रिसालदारांना हा शब्द मी ऐकवला, तर ते हसले. त्यांचे म्हणणे, घोडा क्वचितच आपण होऊन अडतो. ओंडका जवळ आला की स्वाराच्या पोटऱ्या सैल पडतात, धड पुढे झुकते, हात लगाम आखडतो. घोडा एवढेच वाचतो की वरच्याला जायचे नाही, आणि तो आज्ञाधारकपणे थांबतो. मग अडले कोण? ‘घोडे कोठे पेंड खाते’ असे आपण विचारतो. पेंड खाणारा पुष्कळदा खोगिरावर बसलेला असतो.

म्हणून नुसती भीती घालवून भागत नाही. घोड्यानेही तो ओंडका लक्षात ठेवलेला असतो. विश्वास दोघांचा गेलेला असतो आणि दोघांचा एकदमच परत यावा लागतो. तो उंच अडथळ्यावर येत नाही. अडणे शक्यच नाही इतक्या खालच्या दांडीवर येतो, आणि तेथे पन्नास वेळा जाऊन येतो. हे कंटाळवाणे आहे. यात टाळ्या नाहीत.

मोठ्या स्वारांनाही हे चुकत नाही. 2023 च्या हांगझोऊ एशियाई खेळांत आशिष लिमये यांनी ड्रेसाज सुंदर केले आणि क्रॉस कंट्रीत ते बाद झाले. एवढ्या लांब जाऊन, देशाचा कोट घालून. 2025 साली थायलंडमधल्या पट्टाया येथे आशियाई अश्वारोहण स्पर्धेत त्याच इव्हेंटिंगमध्ये त्यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, संघाला रौप्यही मिळाले. लिमये हे नाव माझ्या हजेरीपटावर दर वर्षी एखादे तरी असते, म्हणून मला जरा अधिकच आनंद झाला. वर्तमानपत्रात पदकाचे छायाचित्र आले. मधल्या दोन वर्षांतल्या सकाळींचे छायाचित्र कोण छापणार?

शेजारच्या मुलीने ते कात्रण स्वयंपाकघराच्या फडताळावर चिकटवले. वहिनींनी ते काढले नाही, ही मोठी गोष्ट.

यंदा उन्हाळ्याच्या आधी तिने पुन्हा एका लहानशा स्पर्धेत नाव दिले, 60 सेंटिमीटरच्या गटात. म्हणजे दोन फूट. त्या गटात बहुतेक बारा-तेरा वर्षांची मुले. तीन फुटांवरून पडलेल्या बँकेतल्या बाईने त्यांच्या रांगेत उभे राहणे हे मला रॉयक्रॉफ्टच्या खांद्यापेक्षा कमी वाटत नाही. मी आणि वहिनी दोघी गेलो होतो. वहिनींनी पहिल्यांदाच लेकीला घोड्यावर पाहिले, तेही बोटांच्या फटीतून.

तिसऱ्या अडथळ्यापाशी घोडा कचरला. कान मागे गेले, पावले आखूड झाली. मुलीची पोटरी घट्ट मिटलेली मला इतक्या दुरून दिसली. घोडा जवळजवळ जागच्या जागी उडाला, दांडी खडखडत खाली पडली, 4 दोषगुण. पण पलीकडे दोघेही होते, घोडा खाली आणि स्वार वर. पुढच्या दांड्या सुखरूप राहिल्या. नंबर नववा आला. पहिला आला तो दुधाचे दात नुकतेच संपलेला एक मुलगा.

उतरून तिने आधी घोड्याच्या मानेवर थाप दिली. मग मोतद्दाराला विचारले, “तिसऱ्याला तो डावीकडे झुकत होता का हो?”

“तो नाही, ताई,” मोतद्दार खोगिराचा पट्टा सैल करीत म्हणाला, “तुम्ही.”