भूकंप आणि आमचे धाबे

भूकंप म्हटला कीं आमच्या वऱ्हाडांतील शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें कच्छचा वा कोंकणचा किनारा येतो. आपला काळ्या मातीचा मुलूख मात्र अढळ, अशी सर्वांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं, हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

11 डिसेंबर 1967 रोजीं कोयनानगर हादरलें, तेव्हां तेथील धरणाकडे बोट दाखवून आपण स्वस्थ बसलों. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारी कोसळली, ती समुद्रापासून दूर, आपल्यासारख्याच काळ्या दगडाच्या मुलुखांत. सरकारी मोजणीनें सुमारें 8 हजार माणसें गेलीं. आमच्या परतवाड्याजवळ तर सातपुड्याच्या पायथ्यानें गाविलगडचा भ्रंश, म्हणजे भूस्तरांतील जुनी चीर, गेलेली आहे. 14 मार्च 1938 रोजीं सातपुड्यांत मोठा भूकंप झाला होता. ऑगस्ट 2018 मध्यें धारणी तालुक्यांतील साद्राबाडीस धक्क्यांमागून धक्के बसले.

किल्लारीकडील माणसें बहुतेक स्वतःच्या घराखालींच दडपलीं. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांतील आंतले व बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतविलेले, आणि माथ्यावर मातीचें जड माळवद. आमचे जुने धाबे याहून निराळे काय आहेत? गळती लागली कीं उन्हाळ्यांत आपण मातीचा नवा थर चढवितों. खालचा जुना थर कोणी उतरवीत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पावसानें पडलेल्या घरांचे पंचनामे लिहितांना पाहिलें, कीं भिंत फुगल्याचें घरांत सर्वांस ठाऊक असे; पण 'पीक निघाल्यावर पाहूं' म्हणून ती तशीच राही.

दुसरी हानि अधिक काळ टिकणारी. लातूर व त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. घरें मजबूत मिळालीं. पण कित्येकांचें शेत दूर पडलें, आणि आंखीव जागेंत गुरांस व कडब्यास ठिकाण पुरेना. नव्या गांवठाणासाठीं ज्यांची जमीन गेली, तेही शेतकरीच. मिनिटभराच्या आंतल्या हादऱ्याचें हें ओझें पुढच्या पिढीवर आलें.

म्हणून आमची सूचना अशी. पावसाळ्यापूर्वीं धाब्यावरील जुनी माती उतरवावी आणि प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून वर पातळ थर द्यावा. नवी भिंत रचतांना मधून मधून पूर्ण रुंदीचे लांब दगड घालावे व चौकटीच्या वर चारी भिंतींस सळई-सिमेंटचा सलग पट्टा बांधावा. ग्रामसभेनें फुगलेल्या भिंतींची यादी करावी; आणि गांव हलविण्याची वेळ आलीच तर शेतांजवळची जागा कोणती, हेंही आतांच ठरवून ठेवावें.

गेल्या चैत्रांत आम्हीं आमच्या धाब्याची माती उतरविली. अकरा गाड्या निघाली. इतक्या ओझ्याखालीं आपण मुलांबाळांसह निजत होतों, हें त्या दिवशीं कळलें.