एमबीसी 'खासगी' आहे, पण नक्की कुणाची?

'शाहिद' हे अरबी मालिका-सिनेमांचं मोठं स्ट्रीमिंग अ‍ॅप. ते चालवते एमबीसी. १९९१ मध्ये लंडनमधून सुरू झालेलं हे खासगी नेटवर्क, सॅटेलाइटवर फुकट दिसणारं. संस्थापक वलीद अल-इब्राहिम, सौदीचे तेव्हाचे राजे फहद यांचे मेहुणे. म्हणजे 'खासगी' हा शब्द पहिल्यापासूनच जरा सैल! पुढे २००२ ला मुक्काम दुबईत, २००३ ला 'अल अरेबिया' हे न्यूज चॅनेल.

खरा ट्विस्ट नोव्हेंबर २०१७ चा. भ्रष्टाचारविरोधी कारवाईत रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात अनेक बडी मंडळी अडकवली गेली, त्यात अल-इब्राहिमही होते. जानेवारी २०१८ मध्ये ते सुटले. त्यानंतर ६०% हिस्सा सरकारकडे, ४०% त्यांच्याकडे. मार्चमध्ये एमबीसीवरच्या तुर्की मालिका अचानक बंद झाल्या, अगदी अर्ध्यातच. प्रेक्षक भरपूर होते, जाहिराती होत्या. तरीही बंद! सौदी-तुर्की संबंध तेव्हा ताणलेले होते, मग धंद्याचं गणित कोण बघतंय?

डिसेंबर २०२३ मध्ये आयपीओ आला, पण पब्लिकला मिळाले फक्त १०% शेअर. २०२५ मध्ये सरकारचा ५४% हिस्सा पीआयएफ या सौदी सरकारी फंडाने घेतला. म्हणजे एका सरकारी खिशातून दुसऱ्या खिशात.

हाच पीआयएफ २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्येही आला, ११,३६७ कोटी रुपये घेऊन. पण तिथे हिस्सा २.३२%. तेवढ्यावर कुणी तुमची मालिका बंद करू शकत नाही. ५४% वर करू शकतं.