बारा वर्षांच्या मुलीचा रस्ता

रस्ता चांगला की वाईट, हे नेमकं ठरवतं कोण? ठेकेदाराला विचाराल तर तो डांबराचा थर सांगेल. नगरसेवक निधीचा आकडा सांगतील. मोटारवाला खड्डे मोजून दाखवेल. पण त्याच रस्त्यावरून तुमची-माझी लेक पाठीला दप्तर लावून सायकलवर शाळेत जाते, तिला कुणी विचारलंय? मैत्रिणींनो, मला वाटतं रस्त्याची खरी परीक्षा एकच. बारा वर्षांची मुलगी त्यावरून एकटी जाऊन एकटी सुखरूप परत येऊ शकते का?

ही कसोटी मी मनानं काढलेली नाही. ती आहे इंग्लंडातली. १९७७ मध्ये ब्रिस्टल शहरात काही सायकलवेड्या माणसांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. पुढे ती सस्ट्रान्स या नावानं ओळखली जाऊ लागली. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधला एक लोहमार्ग बंद पडला होता. रूळ गेलेले, झाडोरा माजलेला. या मंडळींनी १९७९ ते १९८६ या काळात तो टप्प्याटप्प्यानं साफ करून त्यावर २१ किलोमीटरची वाट केली. फावडी हातात घेतली ती बहुतेक स्वयंसेवकांनी! आगगाडीचा मार्ग म्हटल्यावर चढ-उतार बेताचे, वळणं सौम्य. म्हणजे सायकलीला अगदी सोयीचं. मग १९९५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून मोठं अनुदान मिळालं आणि देशभर सायकलवाटांचं जाळं विणलं गेलं. निळी पाटी, त्यावर सायकलचं चित्र आणि लाल चौकोनात वाटेचा नंबर. जाळं विणताना डोळ्यांसमोर कोण होतं? एकटं निघालेलं बारा वर्षांचं समंजस मूल.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या भाचीकडे गेले होते. साठीला टेकलेली बाई मी. सायकल सुटून तीस वर्षं झालेली. भाची म्हणाली, "मावशी, चल, चार दिवस कॉट्सवोल्ड्समध्ये सायकलनं फिरू." मी म्हटलं, "अगं, चढ आहेत म्हणे तिकडे." तर म्हणते, "उतरून ढकलायची. कोण बघतंय?"

आणि खरंच कुणी बघत नव्हतं. मॉर्टन-इन-मार्श या छोट्या स्टेशनवर उतरलो. तिथून स्टो-ऑन-द-वोल्ड हे गाव साडेसहा किलोमीटर. रोमन लोकांनी आखलेला सरळसोट फॉस वे तिकडेच जातो, पण आता त्यावर मोटारी आणि ट्रकची रांग असते. म्हणून आम्ही ब्रॉडवेलवरून जाणारी आडवाट धरली. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले बांध. मला तर कोकणातले गडगेच आठवले. स्टो गाव जवळपास ८०० फुटांवरच्या टेकाडावर वसलेलं, त्यामुळे शेवटचा चढ मी अर्थातच ढकलत चढले. पलीकडे उतार. आय नदीच्या काठची दोन जुळी गावं, अप्पर स्लॉटर आणि लोअर स्लॉटर. नावात कत्तल दिसते, पण कत्तलीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या दलदलीच्या, चिखलाच्या जागेवरून ते आलं, असं सांगतात. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. पुढे बोर्टन-ऑन-द-वॉटरला विंड्रश नदीवरचे बुटके पूल आणि पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं.

सौंदर्य तर होतंच. पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. चहाच्या दुकानातल्या बाईनं विचारलं, "आज कुठून आलात? गरम पाणी अजून देऊ का?" बस्स. कुणाबरोबर आलात, घरी स्वयंपाकाचं काय, या वयात हे काय सुचलं, यातलं एकही वाक्य नाही. कामाशिवाय, कारणाशिवाय, देवदर्शनाशिवाय एक बाई रस्त्यावर आहे, आणि त्याचा खुलासा तिला कुणी मागत नाही. मैत्रिणींनो, हे सुख काय असतं ते शब्दांत नाही सांगता यायचं!

आता कुणी म्हणेल, "गोऱ्यांचं काय, त्यांच्यात पहिल्यापासून मोकळेपणा." अजिबात नाही! ऑक्टोबर १८९८ मध्ये सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी लेडी हार्बर्टन नावाची बाई सायकलवरून हॉटबॉय हॉटेलात पोहोचली. अंगात कोट आणि ढगळ विजार. कारण लांब घागरा सायकलच्या साखळीत अडकून बायका पडायच्या. मालकीणबाईंनी, हो, मालकीण म्हणजे बाईच बरं का, तिला कॉफीच्या खोलीत घ्यायला नकार दिला. बसायचं तर पुरुषांच्या दारूच्या खोलीत बसा, म्हणाल्या. सायकलस्वारांची तिथली जुनी संघटना, १८७८ मध्ये स्थापन झालेला सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, हे प्रकरण कोर्टात घेऊन गेली. १८९९ मध्ये निकाल लागला आणि लेडी हार्बर्टनची बाजू हरली. मालकीण निर्दोष!

त्याआधी १८९३ मध्ये ब्रायटनच्या टेसी रेनॉल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीनं ब्रायटन ते लंडन आणि परत असं सुमारे १९० किलोमीटर अंतर साडेआठ तासांच्या आसपास कापलं होतं. चर्चा कशाची झाली? तिच्या पायांतल्या ताकदीची थोडी आणि पायांतल्या विजारीची फार! ओळखीचं वाटतंय ना? म्हणजे तिकडचा मोकळेपणा आभाळातून पडला नाही. कुणी टोमणे खाल्ले, कुणी खटले हरल्या, तेव्हा आज चहाचं दुकान फक्त गरम पाण्याचं विचारतं.

तिकडे सगळं आलबेल आहे, असंही नाही. गल्लीएवढ्या रस्त्यावर मागून भरधाव मोटार आली की माझ्या पोटात गोळा यायचा. पण मला आवडला तो त्यांचा हिशेब. २०१८ मध्ये त्या संस्थेनं स्वतःच्याच जाळ्याची तपासणी केली, आणि बारा वर्षांच्या मुलाला एकट्यानं जाण्याजोग्या वाटा जेमतेम ५४ टक्के भरतात, हे स्वतःच जाहीर केलं. नुसतं सांगून थांबले नाहीत. २०२० मध्ये जवळजवळ पाव जाळं यादीतून काढलं किंवा वेगळ्या वर्गात टाकलं. का? तर ते मुलांसाठी पुरेसं सुरक्षित नाही म्हणून. आपल्याकडे रस्ता नापास झाला, असं रस्ता करणाऱ्यानंच सांगितल्याचं कधी ऐकलंय?

आपल्याकडे सायकल नाही असं नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. फार चांगली गोष्ट आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण सायकल दिली, रस्त्याचं काय? आमच्या गल्लीतली एक मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. कॉलेज सहा किलोमीटरवर. मधे हायवे ओलांडायचा आणि पुढचा रस्ता दिव्याविना. घरच्यांनी आठ दिवस विचार केला आणि नाव घातलंच नाही. सायकल पडवीत उभी आहे, तिच्यावर आता वाळवणाच्या चादरी असतात. आईबापांना मी दोष देणार नाही. त्यांच्या जागी असते तर माझाही जीव धजावला नसता. पण मग त्या पोरीचं शिक्षण कुणी थांबवलं? परंपरेनं? गरिबीनं? की हायवेवरच्या एका न बांधलेल्या भुयारी वाटेनं आणि चार न लावलेल्या दिव्यांनी?

मला वाटतं, आपण बायका फार लवकर "जमाना वाईट आहे" म्हणून मोकळ्या होतो. जमाना कुणाच्याच हातात नसतो. पण दिवा, पाटी, गतिरोधक, झुडपं तोडणं, या नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातातल्या गोष्टी आहेत. जमान्याला अर्ज देता येत नाही, मुख्याधिकाऱ्यांना देता येतो.

म्हणून एक सुचवते. हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटाच्या बैठकीला आपण जमतोच. एखाद्या महिन्यात त्याऐवजी गावातल्या शाळेच्या रस्त्यानं चालत जाऊ या. बरोबर एक बारा वर्षांची मुलगी घ्या आणि तिलाच विचारा, "कुठे भीती वाटते गं तुला?" ती बोट दाखवेल. इथे कुत्री असतात, इथे टपरीवरची मुलं असतात, इथे ट्रक अंगावर येतो, इथे संध्याकाळी काही दिसत नाही. तेवढं कागदावर उतरवा, खाली सगळ्यांच्या सह्या करा आणि कचेरीत जाऊन पोच घ्या. पोच मात्र विसरू नका! पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

इंग्लंडातली हिरवी टेकाडं आपल्या गावात आणता यायची नाहीत, आणायचीही नाहीत. आपल्याला आपला ओढा, आपली चिंच, आपला माळ पुरे. पण शाळा सुटल्यावर एखाद्या मुलीला वाटलं, जरा ओढ्यापर्यंत चक्कर मारून येऊ, तर तिला तसं जाता यावं. काही काम नसताना. नुसतंच. एवढा रस्ता तर आपण तिला द्यायलाच हवा.