रा. चिं. ढेरे : ओवीला साक्षीदार मानणारा संशोधक

१/७
इतिहासाच्या चर्चेत ‘पुरावा काय?’ हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. मात्र पुरावा म्हणजे केवळ ताम्रपट, शिलालेख आणि दफ्तरातील कागद, असे मानले तर ज्या समाजांनी कधी लेखणी हाती धरली नाही, त्यांच्या वाट्याला इतिहासच उरत नाही. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे (१९३०–२०१६) यांचे संशोधन हे या समजुतीला दिलेले सर्वांत भक्कम मराठी उत्तर आहे.

२/७
मावळातील निगडे हे त्यांचे जन्मगाव. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आजीने वाढवले, पुण्यात रात्रशाळेत शिक्षण झाले. पुढे पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली आणि शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या हातून झाले. घरातील अफाट ग्रंथसंग्रह आणि क्षेत्रोक्षेत्रीची भ्रमंती, हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

३/७
‘खंडोबा’ हा ग्रंथ १९६१ चा. ‘लज्जागौरी’ १९७८ चा. मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या नग्न देवीमूर्तींकडे पाहून संकोचणे किंवा त्यांना अश्लील ठरवणे सोपे होते. ढेऱ्यांनी मूर्ती, रेणुका-यल्लम्मेच्या कथा आणि वारुळाची पूजा एकत्र ठेवून पाहिली. तेव्हा त्या मूर्तींत सर्जनशील भूमीची, मातृदेवतेची उपासना दिसू लागली.

४/७
‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा या पद्धतीचा कळस. धनगरांच्या ओव्यांत विठ्ठल हा बिरोबाचा जोडीदार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीत आजही विठ्ठल-बिरदेव ही जोडी पुजली जाते. अशा खुणा पुराणे, शिलालेख आणि संतवाङ्मय यांच्याशी ताडून ढेऱ्यांनी विठ्ठलाचे मूळ गोपालक-धनगरांच्या दैवतात शोधले. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला.

५/७
पंढरपूरची आद्य मूर्ती माढ्याची असावी, या त्यांच्या मताने वादळ उठले. ते मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु ते खोडून काढायचे तर मूर्तिलक्षणे आणि ग्रंथांतील वर्णने यांच्याच आधारे खोडावे लागते. दुखावलेली श्रद्धा हा प्रतिवाद होऊ शकत नाही.

६/७
लोककथेला तारीख नसते, ती पिढीगणिक बदलते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच ढेरे दंतकथेला घडलेली घटना मानत नाहीत. ही कथा कोणी रचली, कोणत्या समाजाने जपली आणि उच्च परंपरेने तिच्यावर कोणता साज चढवला, असे प्रश्न ते तिला विचारतात. शिवाय कागदही निर्दोष नसतो. तो लिहिणाऱ्याची जात, सत्ता आणि सोय त्यात उतरलेलीच असते. साक्षीदार कोणताही असो, उलटतपासणी दोघांचीही व्हावी.

७/७
आज इतिहासप्रेमी तरुण मोडी शिकतात, किल्ले पालथे घालतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाघ्या-मुरळीचे जागरण आणि धनगरी ओवी यांना ‘लोककला’ म्हणून केवळ रंगमंचावर बसवले, तर त्यांतील इतिहास ऐकणारे कोणी राहणार नाही. दफ्तरातला कागद जपला तर शंभर वर्षांनीही वाचता येतो. ओवी मात्र गाणाऱ्या शेवटच्या माणसाबरोबर जाते. नोंद आधी तिची व्हायला हवी.